निर्यात धोरण: एकाच तालुक्यातली द्राक्षबाग आणि कांद्याची चाळ

निफाडकर

केंद्राने १२ नोव्हेंबर २०२५ ला 'निर्यात प्रोत्साहन मिशन' मंजूर केलं. २०२५-२६ ते २०३०-३१ या काळासाठी २५,०६० कोटी रुपये. ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हाच असं काही येणार हे दिसत होतं. स्वस्त कर्ज, परदेशातली प्रदर्शनं, तपासणी आणि प्रमाणपत्रांचा खर्च, ब्रँडिंग, गोदामं असं बरंच काही त्यात आहे. पैसे येत असतील तर येऊ देत. पण आमच्या भागात बसून ही बातमी वाचताना एकच प्रश्न पडतो, म्हणून हा धागा काढतोय.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात एका गटात द्राक्षबाग असते आणि बांधाला लागून कांदा. शेतकरी तोच, पाणी तेच, मजूर तेच, बंदरही तेच न्हावाशेवा. तरी द्राक्ष दरवर्षी युरोपच्या दुकानांत जातं आणि कांद्याची निर्यात मात्र कधी चालू, कधी बंद. असं का?

आधी द्राक्ष. १९९१ मध्ये महाग्रेप्स, म्हणजे द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून काढलेली निर्यात संस्था, उभी राहिली. सुरुवातीला माल नाकारला जायचा, कारण प्रीकूलिंग (तोडलेला माल लगेच थंड करणं), पॅकिंग, मण्याचा आकार यातलं इथे कुणालाच फारसं ठाऊक नव्हतं. ते हळूहळू शिकलो. २००३-०४ पासून कीडनाशकांच्या अंशांची तपासणी आली, २००६ पासून ग्रेपनेट, म्हणजे पेटीचा माग बागेपर्यंत ठेवणारी ऑनलाइन नोंद. बाग तालुका कृषी कार्यालयात नोंदवायची, तिला नंबर मिळतो. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना स्वतः तोडून नेतो. अहवाल नापास आला की त्या बागेवर 'अलर्ट' लागतो आणि तिथला माल युरोपला निघत नाही. पास झाला की पेटीवर बागेचा नंबर जातो. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात पेटी उघडणाऱ्याला ती कुणाच्या बागेतली हे शोधता येतं.

२०१० ला या सगळ्याची परीक्षा झाली. क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपल्याकडे ज्याला लिहोसिन म्हणतात, त्याचे अंश युरोपात सापडले. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, शेंड्याची वाढ रोखायला ते सगळेच मारत होते आणि तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. कंटेनर अडकले, पैसे बुडाले, आमच्या गावात कित्येकांची कर्जं त्या साली थकली ती पुढे वर्षानुवर्षं फिटली नाहीत. पण नंतर काय झालं ते बघा. रसायन यादीत घेतलं, प्रयोगशाळांना त्याची तपासणी बसवून दिली, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने फवारणीच्या शिफारशी बदलल्या, आणि पुढच्या हंगामात माल पुन्हा गेला. अडचण आली तेव्हा सरकार, शास्त्रज्ञ, निर्यातदार आणि शेतकरी एका बाजूला होते.

आता कांदा. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने जीवनावश्यक वस्तू कायद्यात बदल करणारं विधेयक मंजूर केलं, ज्यात कांद्या-बटाट्यावरचं नियंत्रण सैल होणार होतं. ती बंदी १ जानेवारी २०२१ ला उठली. मग १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरला थेट बंदी. ही ३१ मार्च २०२४ पर्यंत असं सांगितलं होतं, मार्च संपता संपता 'पुढील आदेशापर्यंत' झाली. एप्रिलमध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली आणि इथे आग लागली. ४ मे ला बंदी उठवली, पण टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क. म्हणजे ७७० डॉलरच्या खाली माल बाहेर जाणं नाही, किलोला साधारण ६४ रुपये. १३ सप्टेंबरला किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं. ते गेलं १ एप्रिल २०२५ ला.

मला वाटतं, निर्यातीला प्रोत्साहन द्यायचं तर सर्वांत आधी 'आज ठरवलेला सौदा दोन महिन्यांनी पुरा करता येईल' एवढी खात्री द्यावी लागते. ती द्राक्षाला मिळाली, कांद्याला मिळाली नाही. त्या खात्रीशिवाय २५ हजार कोटींतले किती उपयोगी पडतील? तुमचं मत लिहा. वेगळं असेल तर जरूर लिहा.

मीनल_ठाणे

लेख आवडला, पण ग्राहकाची बाजू कुठेच दिसली नाही. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी कांदा ७०-८० रुपये झाला की पाव किलोवर येतात. त्यांच्या घरात भाजी म्हणजे कांदा-बटाट्याचा रस्सा. १९९८ ला कांद्यावरून दिल्ली राज्याचं सरकार गेलं हे विसरून चालणार नाही. कुठलंही सरकार आलं तरी भाव भडकल्यावर हात बांधून बसणार नाही. तुमच्या खात्रीची किंमत मावशींनी का द्यायची?

निफाडकर

मीनलताई, प्रश्न रास्त आहे. मावशींना परवडेल असा कांदा मिळालाच पाहिजे. माझा आक्षेप वेळेला आणि पद्धतीला आहे.

उन्हाळ कांदा मार्च ते मे मध्ये निघतो, तोच चाळीत, म्हणजे हवा खेळणाऱ्या साठवणुकीच्या शेडमध्ये, टिकतो आणि दिवाळीपर्यंत देशाला पुरवतो. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत चाळी रिकाम्या होत जातात आणि भाव चढतो. टंचाईचे महिने हेच, आणि ते दरवर्षी कॅलेंडरमध्ये ठरलेले आहेत. त्याची तयारी उन्हाळ्यात करायची असते. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. तो साठवता येत नाही. पाणी जास्त, पात कापली की लगेच विकावा लागतो. ८ डिसेंबरची बंदी नेमकी या कांद्यावर पडली. लासलगावला काही आठवड्यांत भाव निम्म्यावर आला आणि शेतकऱ्याला थांबायची सोयच नव्हती. जो कांदा मावशींना जास्तीत जास्त दोन महिने मिळाला असता, त्याच्यासाठी बाहेरचा ग्राहक कायमचा दुखावला.

नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था सरकारच्या बफरसाठी, म्हणजे टंचाईत बाजारात सोडायच्या राखीव साठ्यासाठी, खरेदी करतात. ऑगस्ट २०२३ मध्ये तो साठा ५ लाख टनांवर नेऊ म्हणाले, क्विंटलला २,४१० रुपये भाव जाहीर केला. तो मार्ग मला मान्य आहे. पण खरेदी मे महिन्यात, खुल्या लिलावात, बाजार समितीच्या ओट्यावर व्हावी. साठवणूक नीट असावी. शुल्क लावायचंच असेल तर दोन महिने आधी सांगावं आणि टप्प्याने वाढवावं. रात्रीची अधिसूचना कशाला?

बंदरवाला_उरण

मी क्लिअरिंगच्या धंद्यात आहे, म्हणजे बंदरात कस्टम्समधून माल सोडवून देतो. डिसेंबर २०२३ मध्ये काय झालं ते थोडं सांगतो, कारण कागदावर ते फार सोपं दिसतं.

अधिसूचना ७ तारखेची, लागू ८ पासून. ज्या मालाचं लोडिंग आधी सुरू झालं होतं किंवा जो आधीच कस्टम्सच्या ताब्यात गेला होता, त्याला सवलत होती. पण कांद्याचा ट्रक पिंपळगावहून निघून बंदराबाहेर रांगेत उभा असेल तर? शिपिंग बिल (कस्टम्सकडचा निर्यातीचा अर्ज) भरलंय, कंटेनर यार्डात आहे, पण गेटमधून आत घेतलेला नाही, तर? आमच्याकडे पहाटेपासून याच प्रश्नांचे फोन. बाहेर राहिलेला माल एक तर वाशीला फिरवायचा नाही तर परत नाशिकला. कांद्याचा रीफर (थंड ठेवणारा कंटेनर) व्हेंट उघडे ठेवून चालवतात, हवा खेळली नाही की आतून घाम सुटतो. चार दिवस रस्त्यावर काढलेला माल वाशीत काय भावाने जाणार! वर कंटेनरचं भाडं, ग्राउंड रेंट (यार्डातल्या जागेचं भाडं), जहाजावर बुक केलेल्या जागेचे पैसे. ते ना शेतकऱ्याच्या हिशेबात येतं ना सरकारच्या.

त्याच महिन्यात तांबड्या समुद्रात जहाजांवरचे हल्ले वाढले. युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, द्राक्षाचा प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला, भाडी कुठच्या कुठे गेली. तरी द्राक्षवाल्यांनी माल पाठवला, कारण समोरच्या दुकानाशी हंगामाचा करार होता आणि युरोपात दक्षिण आफ्रिकेचा माल ओसरताना, इजिप्तचा यायच्या आधी, ही जागा आपण सोडली तर परत मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. एवढी जोखीम घ्यायला माणूस का तयार होतो, याचं उत्तर निफाडकरांच्या लेखात आहे.

देरा_दुबईकर

दुबईतून. मी भाजीपाल्याच्या घाऊक व्यापारात नोकरीला आहे. इथल्या अल अवीरच्या घाऊक बाजारात भारतीय कांद्याला मान आहे: रंग, तिखटपणा, टिकाऊपणा, सगळ्यात. इथल्या हॉटेलवाल्याला नाशिकचा कांदा कळतो. पण २०२३-२४ च्या हिवाळ्यात पाकिस्तानी, इजिप्शियन, तुर्की कांदा घ्यावाच लागला. एकदा हॉटेलच्या आचाऱ्याचा हात दुसऱ्या कांद्यावर बसला की आपला कांदा पुन्हा बाजारात आल्यावर तो पहिल्यांदा भाव विचारतो, नाव विचारत नाही. मार्च २०२४ मध्ये भारताने सहकारी निर्यात संस्थेमार्फत अमिरातीला १४,४०० टन द्यायचं ठरवलं. बाजार एवढ्यावर चालत नाही. इथला व्यापारी रोज कंटेनर मागतो, त्याला कोटा नको असतो.

आणखी एक. बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमात हसत हसत म्हणाल्या होत्या की आपण स्वयंपाक्याला कांदा न घालायला सांगितलंय, आणि पुढच्या वेळी आधी कळवाल का. एका देशाच्या पंतप्रधानांना हे जाहीरपणे मागावं लागलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात पुन्हा न सांगता बंदी.

वरूडचा_संत्रेवाला

देरा_दुबईकर, बांगलादेशाचा विषय काढलाच आहे तर आमचंही ऐका. विदर्भातल्या वरूड-मोर्शीच्या संत्र्याचा सगळ्यात मोठा बाहेरचा ग्राहक बांगलादेश. त्यांनी संत्र्यावरचं आयात शुल्क वर्षागणिक चढवत नेलं आणि आमचे ट्रक कमी होत गेले. कांद्याचा राग संत्र्यावर निघाला असं इकडे उघड बोलतात. ते खरं की खोटं हे दोन सरकारं जाणोत, पण आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या सुरुवातीला निघणाऱ्या पिकाच्या) वेळी बागेत पडून राहिलेला माल आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. निर्यात धोरण पिकापिकाचं वेगळं असतं असं दिल्लीला वाटत असेल, समोरच्या देशाला भारत एकच दिसतो.

अर्थशास्त्र_कोल्हापूर

मी महाविद्यालयात शिकवते. थोडी मागची गोष्ट सांगते, म्हणजे 'प्रोत्साहन' या नावाखाली आपण काय काय करून पाहिलंय ते लक्षात येईल.

६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपये. त्याच सुमारास कांडल्याला आशियातलं पहिलं निर्यात प्रक्रिया क्षेत्र नुकतंच सुरू झालं होतं (१९६५), मुंबईत तसंच सीप्झ आलं १९७३ मध्ये. म्हणजे कल्पना आपल्याला लवकर सुचल्या. पण बाहेरची अर्थव्यवस्था परवान्यांनी बांधलेली आणि आत एक छोटं कुंपण, यातून फार काही उगवलं नाही. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं आणि निर्यातदाराला रोख भरपाई देण्याची योजना त्याच आठवड्यात बंद केली. अनुदान काढलं, परवाने काढले, आणि पुढच्या काही वर्षांत निर्यात वाढली.

दक्षिण कोरियाचं उदाहरण नेहमी देतात, पण अर्धवट देतात. ३० नोव्हेंबर १९६४ ला त्यांची वर्षाची निर्यात १० कोटी डॉलरवर पोचली, तो दिवस ते निर्यात दिन म्हणून पाळायला लागले. पुढे राष्ट्राध्यक्ष पार्क दर महिन्याला निर्यातीची बैठक स्वतः घ्यायचे, समोर मंत्री आणि कारखानदार दोन्ही. कुणाचा माल कुठल्या परवान्यापायी अडकलाय ते तिथल्या तिथे विचारायचे. ते हुकूमशहा होते, कामगारांनी त्याची मोठी किंमत मोजली, हेही मी वर्गात सांगते. पण निर्यातदाराला आज एक आणि उद्या दुसरं असं त्यांनी केलं नाही.

आता पैशाचा मुद्दा. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमानुसार १९९० च्या किमतीत दरडोई उत्पन्न सलग तीन वर्षं १,००० डॉलरच्या वर गेलं की निर्यातीवर थेट अनुदान देता येत नाही. भारताने ती रेषा ओलांडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. मार्च २०१८ ला अमेरिकेने तक्रार केली, ३१ ऑक्टोबर २०१९ ला निकाल आपल्या विरुद्ध गेला. आपण अपील केलं, पण निर्यातीच्या टक्केवारीने बक्षीस देणारी एमईआयएस योजना २०२० च्या अखेरीस बंद झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप आली. तिच्यात फक्त आधीच भरलेले आणि दुसरीकडून परत न मिळणारे कर परत मिळतात, सुरुवातीचे दर ०.५ ते ४.३ टक्के. म्हणून नव्या मिशनमध्ये कर्ज, प्रमाणपत्र, गोदाम यावर भर दिसतो. थेट पैसे देण्याचा रस्ता बंद होत आलाय. अशा वेळी ज्याला एक रुपयाही लागत नाही ते, म्हणजे धोरणातलं सातत्य, आपण का देत नाही? डिसेंबर २०१८ च्या कृषी निर्यात धोरणात स्थिर व्यापार धोरणाचं आश्वासन शब्दांत लिहिलेलं आहे. त्यानंतर कांदा, मे २०२२ ला गहू, जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढरा तांदूळ. आमच्या जिल्ह्यातल्या साखरेचंही तेच.

सोलापुरी_टॉवेल

मॅडमनी छान मांडलं. कारखानदारीत बंदी नसते, पण धाकधूक असतेच. आमचा टेरी टॉवेलचा धंदा. ईपीसीजी योजनेत शुल्क न भरता परदेशी माग आणता येतो, बदल्यात वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करायची, त्यातली निम्मी पहिल्या चार वर्षांत. आमच्या ओळखीतल्या एकाने माग आणला तेव्हा अमेरिकेच्या ऑर्डरी भरपूर होत्या. ऑगस्ट २०२५ नंतर ग्राहक म्हणतो, शुल्क तुम्ही सोसा नाही तर ऑर्डर थांबवा. निर्यात नाही झाली तर वाचलेलं शुल्क व्याजासकट भरायचं. मिशनवाल्यांनी प्रदर्शनाचे स्टॉल देण्याआधी अशा लोकांना मुदत वाढवून द्यावी. प्रदर्शनाला जायला हातात धंदा तर हवा.

व्याज सवलतीची जुनी योजनाही २०२४ च्या डिसेंबरअखेर संपली होती. मधलं जवळजवळ वर्षभर लहान निर्यातदार बँकेच्या पूर्ण दराने पैसे उचलत होता. योजना संपायच्या आत दुसरी तयार का नसते, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मीनल_ठाणे

निफाडकर, लाल कांदा साठवता येत नाही हे मला माहीत नव्हतं. शहरात आम्हाला कांदा म्हणजे कांदा. मग चाळीतलं नुकसान कमी करण्यावर एवढे पैसे का नाही लावत? कोंब येऊ नयेत म्हणून किरण मारतात ना?

निफाडकर

मारतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' केंद्र लासलगावलाच आहे, उभारलं ते मुळात कांद्यासाठी. पण त्याचं नाव झालं आंब्यामुळे. २००७ मध्ये अमेरिकेने आपला आंबा पुन्हा घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांना विकिरण प्रक्रिया, म्हणजे हे किरण मारणं, हवी होती, आणि ती याच केंद्रात झाली. हापूस देवगड-रत्नागिरीहून लासलगावला यायचा आणि मग मुंबईहून विमानाने अमेरिकेला. कांद्याला ती प्रक्रिया करून पुढे शीतगृहात ठेवावं लागतं, आणि तो खर्च भरून निघेल अशी भावाची खात्री असेल तरच कुणी करेल. डिसेंबरात बंदी येऊ शकते म्हटल्यावर शीतगृहात पैसे कोण घालणार? साठवणूक आणि निर्यात हे दोन वेगळे विषय नाहीत, ताई. बाहेरचा बाजार चालू राहील हे पक्कं असतं तर खासगी शीतगृहं आपसूक उभी राहिली असती आणि ऑक्टोबरात तुमच्या मावशींनाही तोच कांदा मिळाला असता. द्राक्षाच्या पट्ट्यात प्रीकूलिंग आणि शीतगृहं अशीच उभी राहिली, बरीचशी शेतकऱ्यांच्या आणि निर्यातदारांच्या पैशाने.

कंदरकर

करमाळा तालुका, सोलापूर जिल्हा. आमच्याकडून केळी आखातात जाते. घडाला पिशवी, फण्या सुट्या करून धुणं, १३ किलोची पेटी, हे सगळं गेल्या काही वर्षांत गावातली पोरं शिकली. केळीवर कधी बंदी आली नाही म्हणून शिकली. आमच्या शेतकरी कंपनीला आता व्यापाऱ्याला न देता स्वतः पाठवायचं आहे. काय काय लागेल? आणि पैसे बुडाले तर कुणाकडे जायचं?

बंदरवाला_उरण

कंदरकर, आयईसी नंबर (आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक) ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये, कंपनीच्या पॅनवरच. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी घ्या. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, दर आर्थिक वर्षी भरा, नाही तर कर आधी भरून परताव्याची वाट बघत बसाल. बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँकेचा क्रमांक, कस्टम्सकडे नोंदवल्याशिवाय शिपिंग बिल पुढे सरकत नाही. नवे लोक हमखास इथे अडकतात, ते पहिल्या कंटेनरच्या आधी उरका. फायटोसॅनिटरी (मालाला कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र प्रत्येक खेपेला लागतं.

पैशासाठी ईसीजीसीचा विमा घ्या. १९५७ पासूनची सरकारी कंपनी आहे, मुख्यालय मुंबईत. ग्राहकाने पैसे बुडवले, दिवाळं काढलं, त्याच्या देशात युद्ध झालं, तर भरपाई मिळते. पण 'माल खराब आला' असं म्हणून त्याने पैसे अडवले आणि तो वाद मिटला नाही, तर विमा कामाला येत नाही. म्हणून कंटेनर भरताना पेट्यांचे आणि तापमानाच्या नोंदीचे फोटो काढा, तापमान नोंदवत राहणारा डेटा लॉगर आत ठेवा, आणि पहिल्या दोन-तीन खेपा आगाऊ पैसे घेऊनच पाठवा. ग्राहकाचं नाव ईसीजीसीला आधी कळवलं की ते त्याची पत तपासून मर्यादा ठरवून देतात. ती मर्यादा कमी आली तर तोच तुमच्यासाठी इशारा समजा.

कंदरकर

आभारी आहे. एडी कोडचं कुणीच सांगितलं नव्हतं. सोमवारी बँकेत जातो.